दोन लॉटची रॅम

रॅम घेण्याआधी मी वहीत सात ओळी लिहिल्या होत्या. वही अजून आहे. मदरबोर्डला कोणती रॅम चालते, किती जीबी लागेल, एक स्टिक की दोन, लेबलवरचा वेग किती, तो आपण किती वाढवू शकतो, वॉरंटी सोलापुरात मिळते की पुण्याला पाठवावं लागतं, आणि शेवटी भाव. सातही ओळींपुढे बरोबरची खूण आहे. या सात ओळींच्या जोरावर मी माझ्या चाळीस वर्षांपासूनच्या मित्राच्या कानाखाली मारली. त्याच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. तो कान परत येणार की नाही हे कळायला दोन महिने लागले.

क्रमाने लिहितो. मला दुसऱ्या पद्धतीने लिहिता येत नाही.

मी टॉवेल आणि चादरींची डिझाइनं करतो. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटची छोटी खोली हेच माझं ऑफिस. कापडावर जे फूल किंवा जो हत्ती दिसतो, तो आधी माझ्या पडद्यावर चौकटीचौकटींनी भरलेला असतो. एक चौकट म्हणजे एक धागा, वर उचलायचा की खाली ठेवायचा. तयार फाइल पेनड्राइव्हवर घालून कारखान्यात द्यायची, ती मागावर धागे उचलणाऱ्या जॅकार्डला जोडायची आणि माग सुरू. पूर्ण टॉवेल विणल्यावर कसा दिसेल हे आधी पडद्यावर बघायचं तर कॉम्प्युटरचं मशीन दमदार लागतं. तसं तयार मशीन मला परवडत नव्हतं, म्हणून मी एकेक भाग आणून स्वतः जोडलं आणि ओव्हरक्लॉक केलं. म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवलं. जॉबरच्या मुलाला हे कुणी शिकवावं लागत नाही. माझे वडील यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होते. माग दुरुस्त ठेवायचे आणि कारागिरांकडून काम करून घ्यायचं, हे त्यांचं काम. मालकाला माल जास्त हवा असला की ते मोटरची पुली बदलून मागाच्या फेऱ्या वाढवायचे. माग थरथरायचा, धागे तुटायचे, पण माल निघायचा.

शेडमधला आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना तो सांगून कळणार नाही. दोन हातांवरच्या माणसाला हाक जात नाही. म्हणून जॉबर हाताने बोलायचा. पाठीत थाप म्हणजे तिकडे बघ. खांद्याला धक्का म्हणजे बाजूला हो. चूक झाली की थोबाडीत. माग अडला तर त्यालाही हातोड्याचा एक ठोका, आणि तो बऱ्याचदा चालू व्हायचा. आडवा धागा नेणारा धोटा मागातून सुटून उडायचा तो तर कुणालाही लागायचा. वडिलांच्या कपाळावर त्याची खूण आहे, आणि त्यांच्याबरोबरच्या एका कारागिराचा डोळा त्यात गेला. वडील त्या काळाबद्दल बोलतात तेव्हा मारलं, लागलं, फुटलं हे शब्द ते आपण जेवलो, झोपलो म्हणतो तसे वापरतात.

मित्राचे वडील त्याच शेडमध्ये, माझ्या वडिलांच्या हाताखाली दोन माग चालवायचे. त्यांचं घर तेलुगू बोलणारं, आमचं मोडनिंबकडून आलेलं. पूर्व भागातल्या एकाच गल्लीत आम्ही राहायचो. दुपारी मी आणि तो दोघांच्या वडिलांचे डबे घेऊन एकत्र जायचो. आम्ही नऊ वर्षांचे असताना एका दुपारी चादरीवर आडवा पट्टा निघाला होता. रंग तोच, नंबर तोच, पण एक छटा फिकट. दोन वेगवेगळ्या लॉटच्या, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या, सुताच्या कांड्या एका चादरीत लागल्या की असं होतं. कांड्या कुणी मिसळल्या, भरणाऱ्याने की लावणाऱ्याने, हे कुणी विचारलं नाही. माझ्या वडिलांनी त्याच्या वडिलांच्या तोंडात मारली. एकदा, आणि मग परत एकदा. आवाजात ते ऐकू आलं नाही, फक्त दिसलं. त्याच्या वडिलांनी खाली पडलेली कांडी उचलली, धोट्यात बसवली आणि माग चालू केला. आम्ही दोघं डबे धरून दारात उभे होतो.  दुसऱ्या दिवशी आम्ही गोट्या खेळलो.

मोठेपणी त्याने नवी पेठेजवळच्या एका बोळात कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक काउंटर, मागे छतापर्यंत खोकी आणि समोर एक स्टूल. त्याची एक खासियत होती. बंद पडलेलं मशीन आलं की तो मदरबोर्डला बोटभर स्पीकर जोडायचा, बटण दाबायचा आणि मान डावीकडे झुकवून ऐकायचा. मशीन सुरू होताना टीप टीप करतं. किती लांब, किती आखूड, यावरून काय बिघडलं ते तो पडदा न लावता सांगायचा. लोक मुद्दाम बघत बसायचे.

मी सात ओळींची वही घेऊन त्याच्याकडे गेलो तेव्हा रॅमचे भाव दर आठवड्याला चढत होते. तो मला बघून गिऱ्हाइकाला म्हणाला, "सरका, यादीसाहेब आले. आता अर्धा दिवस गेला." मग माझी वही स्वतःकडे ओढून त्याने पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि हसला.

त्याचं म्हणणं साधं होतं. दोन स्टिकचा एकत्र पॅक केलेला जोड घे. कारखान्यात एकमेकींबरोबर तपासलेल्या असतात. वेग थोडा कमीचा घे, पण जोड घे. माझं म्हणणं असं की जोड महाग पडतो. कमी वेगाची सुटी स्टिक आज एक घेतो, दुसरी महिन्याने घेतो, दोन्हींचं लेबल एकच असेल, आणि वेग मी मशीनच्या बायोस सेटिंगमध्ये जाऊन स्वतः वाढवतो. वाढवलेल्या वेगाचे आकडेही मी वहीत लिहून आणले होते.

"लेबल एकच म्हणजे माल एकच असतोय काय रे?" तो म्हणाला. "आतल्या चिपा बदलतात की. आज एका लॉटच्या, महिन्यानं दुसऱ्या लॉटच्या. सूत घेताना लॉट नंबर बघितल्याशिवाय तू पोत्याला हात लावत नाहीस, आणि हितं लेबल बघून खूश?"

मी म्हणालो की सूत आणि चिप यात फरक आहे.

तो काउंटर पुसत म्हणाला, "फरक आहे की. पण लॉटवरून आमच्या घरात एकदा थोबाडीत बसलीय, म्हणून आम्ही जपून असतो."

हसतच म्हणाला. चाळीस वर्षांत त्याने ती गोष्ट काढली ती एवढीच. मीही हसलो आणि सहाव्या ओळीकडे वळलो.

पहिली स्टिक घेतली. महिनाभर वाढवलेल्या वेगावर ती बिनतक्रार चालली. मग दुसरी घेतली. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, त्याने खोकं न बोलता माझ्या हातात दिलं. घरी उघडलं तर स्टिकवर कागदी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर त्याच्या अक्षरात लिहिलेलं: वेगळा लॉट. दोन्ही लावून वेग वाढवू नको.

मी ते वाचलं. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण नंतर मी स्वतःलाही वाचलं नव्हतं असं सांगायचा प्रयत्न केला. वाचलं, आणि दुकानदार सांगतातच असं म्हणालो. चिकटपट्टीखाली उष्णता अडकेल म्हणून ती सोलून काढली. मी काही फेकत नाही, त्यामुळे ती वहीच्या त्याच पानावर चिकटवून ठेवली. दोन्ही स्टिक लावल्या आणि वेग वाढवला.

एप्रिल गेला. मे लागला तसं मशीन अडायला लागलं. काम चालू असताना अचानक पडदा निळा व्हायचा, आकडे वाढत जायचे आणि मशीन बंद होऊन आपलं आपण परत सुरू व्हायचं. मी खिडकीत कूलर लावला, कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं. कधी अडलं, त्या वेळी काय चालू होतं, खोलीत उकाडा किती, सगळं तारखेनिशी लिहिलं. वेग सोडून सगळं बदलून पाहिलं.

वडील आमच्याकडेच राहतात. एका दुपारी ते खोलीत आले तेव्हा पडदा निळा झाला होता. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. त्यांनी पुढे होऊन कॅबिनेटच्या डोक्यावर तळहाताने एक सणसणीत ठेवून दिली. मशीन त्याच क्षणी बंद होऊन सुरू झालं. ते तसंही होणारच होतं. वडील म्हणाले, "बघ. माग काय आन् हे काय. मारल्याबिगर कुटलं मशीन ऐकत न्हाय."

मला हसू आलं. पण पुढच्या वेळी पडदा निळा झाला तेव्हा मीही मारली. मशीन सुरू झालं. त्यानंतर दर वेळी मारू लागलो. पत्र्याला एका बाजूने पोचा आला. मारताना बरं वाटायचं, हेही खरं आहे. एकदा बायकोने आतून विचारलं की कुणाला मारताय. मी म्हणालो, मशीनला. ती दारात येऊन पोच्याकडे बघून गेली.

मग टॉवेलचं झालं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं काम होतं. मोठे बाथ टॉवेल, कडेला ओळीने हत्ती. मालक नवीन होता, हे काम नीट गेलं तर वर्षभराची डिझाइनं मला देणार होता. फाइल जतन करतानाच मशीन क्षणभर अडकलं होतं. पण बंद पडलं नाही, म्हणून मी पेनड्राइव्हवर घेऊन दिली. जतन झालेली फाइल परत उघडून बघायची, हे माझ्या यादीत असतं. त्या दिवशी मी फक्त पडद्यावरचं चित्र बघितलं आणि खूण केली.

मालकाने बोलावलं तेव्हा सकाळची पाळी संपत आली होती. रात्रीच्या पाळीपासून माल विणला जात होता. प्रत्येक टॉवेलवर हत्तीच्या मानेपासून वरचं सगळं आठ धागे उजवीकडे सरकलेलं होतं. ओळीने सगळे हत्ती मान कापून बाजूला ठेवल्यासारखे दिसत होते. मालकाने एक टॉवेल पिळा घालून माझ्या तोंडावर मारला. दुसरा मारला. कारागीर माग थांबवून बघत होते, त्यामुळे शेडमध्ये शांतता होती आणि त्याचा शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू जात होता. त्याने माझ्या आईचं नाव घेतलं. मी हात उचलला नाही. मालकावर हात उचलत नाहीत, हे मला नऊ वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. हात कुणावर उचलतात हेही माहीत होतं.

मी घरी गेलो, दोन्ही स्टिक काढून खिशात घातल्या आणि गाडी काढली. सात रस्ता चौकापासून नवी पेठेपर्यंत डोक्यात एकच वाक्य होतं, की त्याने मला खराब माल दिला.

दुकानात दुधनीचा एक बियाण्यांचा व्यापारी स्टुलावर बसला होता. त्याचं मशीन काउंटरवर उघडं पडलं होतं. मित्राने स्पीकर जोडलेला होता आणि तो माझ्याकडे डावी बाजू करून, मान झुकवून टीप टीप ऐकत होता. मी आलेलं त्याला कळलं नसणार. मी पंजा पूर्ण उघडून मारली. वडील मारायचे तशीच, खांद्यापासून. त्याचं डोकं काउंटरच्या कडेवर आपटलं. तो सरळ होऊन बघायच्या आत मी दुसरी मारली, तीही त्याच जागी. तो मागच्या खोक्यांवर पडला आणि खोकी त्याच्या अंगावर आली. मी स्टिक त्याच्या छातीवर फेकल्या. खोटा माल विकतोस, असं काहीतरी ओरडलो. व्यापारी उठून भिंतीला चिकटला होता आणि कानडीत देवाचं नाव घेत होता.

शेजारच्या मोबाइलच्या दुकानातला माणूस धावत आला आणि त्याने तेच लोखंडी स्टूल माझ्या तोंडावर घातलं. माझा समोरचा दात तुटला. दुसऱ्यांदा त्याने उचललं तेव्हा मित्र खोक्यांतून उठत त्याला म्हणाला, "राहू दे." त्याचा हात कानावर होता. बोटांमधून रक्ताची बारीक धार मनगटापर्यंत आली होती.

माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "झालं का अजून आहे?"

आवाज त्याचा नेहमीचा होता, फक्त गरजेपेक्षा मोठा. आपण किती मोठ्याने बोलतोय ते त्याला कळत नव्हतं. मी निघून आलो.

घरी बायकोने तोंड धुवायला पाणी दिलं आणि काय झालं ते ऐकून घेतलं. वडील शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "पडला का?" मी हो म्हणालो. "मग बेस," ते म्हणाले. "एकदा बसली की माल नीट देतोय."

बायको वडिलांसमोर सहसा बोलत नाही. त्या दिवशी ती मला म्हणाली, "तुम्ही त्या स्टिक आधी तपासल्या होत्या का? एवढ्या याद्या करता. आधी मारायचं आणि मग तपासायचं, हे कुठल्या यादीत आहे?"

स्टिक दुकानातच राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मोबाइलवाल्याकडून त्या पिशवीतून घरी आल्या. चिठ्ठी नव्हती. मी तपासायला बसलो. रॅम तपासायचा एक प्रोग्रॅम असतो, तो प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहितो आणि परत वाचून बघतो. आधी पहिली स्टिक एकटी, वाढवलेल्या वेगावर. चार तास, एकही चूक नाही. मग दुसरी एकटी, त्याच वेगावर. एकही चूक नाही. मग दोन्ही एकत्र, लेबलवरच्या वेगावर. चूक नाही. मग दोन्ही एकत्र, वेग वाढवून. पाचव्या मिनिटाला चुकांच्या लाल ओळी यायला लागल्या. पडदा भरला, खालून नवीन ओळी येत राहिल्या. कूलर चालू होता तरी माझ्या पाठीवरून घाम वाहत होता.

मी वही काढली, निकाल लिहायला. पान उघडलं तर चिकटपट्टी समोरच होती. वेगळा लॉट. दोन्ही लावून वेग वाढवू नको. त्याच्या अक्षरातला व मला दुसरीपासून ओळखीचा आहे.

मी वडिलांना जाऊन सांगितलं की चूक माझी होती. मग तेव्हाची ती चादर, त्या कांड्या कुणी मिसळल्या होत्या, असं विचारलं. माझ्या तोंडून ते कसं निघालं कळलं नाही. वडिलांना आठवायला वेळ लागला नाही. "कुणाला ठावं," ते म्हणाले. "तवा कोण बघत बसतंय? माग थांबला व्हता." मी सांगितलं की त्या कारागिराच्या मुलाच्या कानातून माझ्यामुळे रक्त आलं. ते म्हणाले, "कान काय, आमचे समद्यांचेच गेले." त्यांना खरंच कमी ऐकू येतं. शेडमधली बहुतेक माणसं तशीच आहेत.

मी पूर्व भागात त्याच्या घरी गेलो. त्याने पोलिसांत तक्रार केली नव्हती. डॉक्टरने पडद्याला भोक आहे असं सांगितलं होतं. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, शिंक दाबायची नाही, दोन महिने वाट बघायची. भरलं तर आपोआप भरेल, नाहीतर ऑपरेशन. आणि भरलं तरी ऐकू किती येईल ते तपासल्यावरच कळेल. हे सगळं मला त्याच्या बायकोने उंबऱ्याच्या आतून सांगितलं. आत या म्हणाली नाही. मग त्याची आई भिंतीला धरत बाहेर आली. लहानपणी या बाईच्या हातचं मी आठवड्यातून चार दिवस जेवलोय. तेलुगू मी तिच्याकडूनच शिकलो. ती माझ्या तुटक्या दाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एंदुकु कोट्टिनव् रा?" का मारलंस रे. तिला खरंच कारण हवं होतं. तिने आयुष्यात मार खाल्लेली माणसं पाहिली होती आणि प्रत्येक वेळी तिला काही ना काही कारण सांगितलं गेलं असणार. मी सांगायला लागलो. लॉट, वेग, फाइल. ती ऐकत होती. मधेच माझं तेलुगू संपलं आणि मी थांबलो. तिने दार लोटून घेतलं.

ते दोन महिने मी दर शनिवारी बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचो. आत गेलो नाही. लांबून दिसायचं. कानात कापूस. गिऱ्हाईक डाव्या बाजूने बोललं की तो पूर्ण वळायचा. मशीन आलं तर स्पीकर जोडायचा, मान डावीकडे झुकवायचा, थांबायचा, मग मान उजवीकडे करून परत बटण दाबायचा. दोन वेळा, तीन वेळा. लोक बघत बसायचे ते आता उठून जायचे. एकदा मोबाइलवाल्याने मला बघितलं आणि स्टुलाकडे हात नेला. मी गाडी वळवली.

पाऊस सुरू झाल्यावर एका शनिवारी त्याने मला लांबूनच हाताने बोलावलं. काउंटरवर कानाच्या डॉक्टरचा कागद होता. तो म्हणाला की भोक बुजलं, ऑपरेशन नको. माणसाचं बोलणं येतं. बारीक आवाज येत नाहीत, आणि ते परत येणार नाहीत असं डॉक्टर म्हणाला. त्याने स्पीकर माझ्यापुढे ठेवला. "हा येत नाही," तो म्हणाला. "उजव्यानं येतो. पण कुठून येतो ते कळत नाही."

मी खिशातून चिकटपट्टीचं पान काढून काउंटरवर ठेवलं. पूर्ण पानच फाडून आणलं होतं, सात ओळी आणि खाली त्याचं अक्षर. मी सांगितलं की मी वाचलं होतं, वाचून सोललं. दोन्ही स्टिक चांगल्या निघाल्या. मार, असं मी म्हणालो. हे मी घरून ठरवून गेलो होतो. पिशवी बाजूला ठेवली, चष्मा काढून तिच्यावर ठेवला, हात मागे बांधले.

मला वाटलं होतं तो नको म्हणेल.

त्याने कागदपत्रं बाजूला सारली, काउंटरच्या बाहेर आला आणि मारली. डाव्या कानावर, पूर्ण ताकदीने. मी स्टुलावर पडलो, तिथून खाली. डोक्यात शेड सुरू झाली, शंभर माग एकदम. मोबाइलवाला धावत आला आणि दारातच थांबला. मी उठलो. तो माझ्यासमोर उभा राहून धापा टाकत होता आणि स्वतःचा पंजा उलटसुलट करून बघत होता. मारायची त्याला सवय नव्हती, अंगठा मुरगळला होता.

"वाटलं होतं बरं वाटेल," तो म्हणाला. "काहीच नाही वाटलं."

मग तो आत गेला. माझं पान उचलून त्याने एकदा वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं. नंतर फळीवरून दोन स्टिकचा एक पॅक काढला, एका लॉटचा, कमी वेगाचा. भाव सांगितला. मी घासाघीस न करता दिला. त्याने पॅक पिशवीत घातला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. माझा कान दोन दिवस वाजत राहिला आणि तिसऱ्या दिवशी बरा झाला. सकाळी उठल्यावर घड्याळाची टिकटिक ऐकू आली तेव्हा मी पलंगावर बसून राहिलो. बायकोने विचारलं तरी उठलो नाही.

तो जोड आजतागायत चालू आहे, लेबलवरच्या वेगावर. टॉवेलचा प्रिव्ह्यू पडद्यावर यायला वेळ लागतो, तेवढ्यात मी चहा करतो. एमआयडीसीच्या त्या मालकाने परत बोलावलं नाही. कॅबिनेटचा पोचा तसाच आहे. वडील एकदा त्याला थाप मारायला गेले तेव्हा मी त्यांचा हात धरला, धरायला हवा होता त्यापेक्षा जोरात. मनगटावर माझी बोटं उमटली. ते मनगट चोळत खिडकीशी जाऊन बसले. धरल्यानंतर हात सोडायला मला जितका वेळ लागला, तो मला आवडला नाही. मी तेही तारखेनिशी लिहून ठेवलं आहे.

परवा पॉवर सप्लाय गेला म्हणून मशीन घेऊन दुकानात गेलो. त्याने काउंटर फिरवून घेतलाय, गिऱ्हाईक आता त्याच्या उजव्या हाताला येतं. त्याला बोटभर स्पीकरची गरज उरलेली नाही. एक छोटं कार्ड आणलंय, ते मदरबोर्डमध्ये खोचलं की लाल आकडे दिसतात आणि आकड्यावरून बिघाड कळतो. त्याने सप्लाय बदलला, कार्ड खोचलं, बटण दाबलं. जुना स्पीकर पण कुठेतरी जोडलेलाच राहिला होता. तो वाजला. लांब, लांब, लांब. मी सवयीने म्हणालो की रॅम नीट बसलेली नाही, तीन लांब वाजल्या.

तो आकड्यांकडे बघत होता. "कार्ड सांगतंय की," तो म्हणाला आणि वाकून स्पीकरची वायर उपटून काढली.